हातातले स्टीम डेक आणि घरचा जुना संगणक: लिनक्सवर गेम चालतो कसा?

नमस्कार. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक हे गेम खेळायचे छोटे यंत्र हातात घेऊन गेम सुरू केला, तर आत विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळतही नाही. तोच गेम घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून चालवायला गेले, की मात्र पहिल्याच दिवशी अनेकांची दमछाक होते. इथे नाशिकमध्ये ओळखीची हौशी मंडळी मला सतत विचारतात, की सॉफ्टवेअर तेच असताना असे का व्हावे? विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून हा प्रश्न अधिकच येऊ लागला आहे, म्हणून आज त्याचेच सविस्तर उत्तर देतो.

विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो तो प्रोटॉनमुळे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईन या १९९३ पासूनच्या प्रकल्पाच्या आधारावर व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. गेम ग्राफिक्स कार्डाला डायरेक्ट-थ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेतून ज्या आज्ञा देतो, त्या प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके हा भाग गेम चालू असतानाच व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स-भाषेच्या आज्ञांमध्ये बदलतो. डायरेक्ट-थ्रीडी १२ साठी हेच काम व्हीकेडी-थ्रीडी करतो.

खरा फरक पडतो तो शेडरमध्ये. प्रकाश, सावली, पाणी, धूर पडद्यावर कसे दिसावेत हे ठरवणारे हे छोटे प्रोग्राम प्रत्येक ग्राफिक्स चिपसाठी वेगळे तयार करावे लागतात. स्टीम डेकचे हार्डवेअर सगळीकडे जवळपास एकसारखे असल्याने व्हॉल्व्हचे गेमचे ऑनलाइन दुकान स्टीम ते आधीच तयार करून गेमबरोबर पाठवू शकते. घरच्या संगणकात कोणते कार्ड आहे याचा नेम नाही, त्यामुळे गेम उघडताना ‘व्हल्कन शेडर्स’वर प्रक्रिया चालू असल्याची पट्टी दिसते. कंटाळून ती वगळली, की तेच काम खेळताना होऊ लागते आणि नवा शत्रू समोर आला किंवा स्फोट झाला, की चित्र क्षणभर अडखळते. जुना प्रोसेसर असेल तर वेळ लागतो, पण मी ती पट्टी नेहमी पूर्ण होऊ देतो.

कार्डाचे वयही पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ लागते आणि एनव्हीडियाची केप्लर या जुन्या पिढीतील कार्डे तिथवर पोहोचत नाहीत. जुने कार्ड घ्यायचेच असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: एएमडीचे आरएक्स ५७० किंवा ५८० घ्या, कारण त्यांचे ड्रायव्हर बहुतेक लिनक्समध्ये आधीपासूनच असतात. गेमही डिस्कच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या विभाजनावर ठेवू नका. प्रोटॉनला तिथे अडचणी येतात. लिनक्सच्या ईएक्सटी-फोर पद्धतीचे वेगळे विभाजन करून तिथेच स्टीमची लायब्ररी ठेवा.

हातातल्या यंत्राचा प्रश्न विजेचा. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची, आणि त्याच्या चिपला १५ वॅटपर्यंत वीज लागते. पडदा आणि बाकीचे भाग धरून अवजड गेममध्ये बॅटरी दोन तासांतच संपते. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मी उजवीकडचे तीन ठिपक्यांचे बटण दाबून पडदा ४० हर्ट्झवर आणतो आणि चिपला ७-८ वॅटची मर्यादा घालतो. साध्या द्विमितीय गेममध्ये फरक जाणवतही नाही. कसाऱ्याच्या घाटात नेटवर्क जाते, म्हणून निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर गेम एकदा उघडून मग ऑफलाइन मोड लावलेला बरा.

राहिला प्रश्न ऑनलाइन स्पर्धात्मक गेमचा. व्हॅलोरंटची फसवणूक रोखणारी यंत्रणा थेट विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, काम करते, त्यामुळे तो प्रोटॉनवर चालत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशाच दुसऱ्या यंत्रणा प्रोटॉनवर चालू शकतात, पण त्यासाठी त्या त्या गेमच्या निर्मात्याने परवानगी द्यावी लागते, आणि ती मिळाली आहे की नाही हे विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर पाहावे. तरीही शंका राहिली, तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. पहिल्याच दिवशी एक ऑनलाइन सामना खेळून पाहा.