लोक अभिरक्षक कार्यालयातले चार आठवडे

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात 20 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे, आणि एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. बहुतेकांचा डोळा हायकोर्टातल्या बड्या चेंबरवर असतो. असू द्या. त्यातले चार आठवडे जिल्हा न्यायालयाच्या लोक अभिरक्षक कार्यालयाला, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाला द्या, एवढंच सांगायला आलोय.

‘नाल्सा’ने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, 2022 मध्ये ही योजना आणली. त्याआधी विधी सेवेच्या पॅनेलवरचा (यादीतला) वकील स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून मोफतची केस बघायचा. कशी बघायचा, ते बार रूममध्ये विचारा! लोक अभिरक्षक पूर्णवेळ असतो, त्याला खाजगी वकीलपत्र घेता येत नाही. आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील देताना कोठडीतल्या माणसाकडे उत्पन्नाचा दाखला मागायचा नसतो.

तिथे तुम्हाला युक्तिवाद करायला कोणी उभं करणार नाही. तुमच्यापुढे कागद येतील. आधी तारखा काढा. चोरीच्या गुन्ह्यात पहिला रिमांड, म्हणजे कोर्टाचा कोठडीचा आदेश, 1 मार्चला झाला आणि आरोपी तेव्हापासून आतच आहे, असं समजा. 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मोजणी कुठून? रिमांडचा दिवस धरून, असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे साठावा दिवस 29 एप्रिल. 30 तारखेला, दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत, अर्ज कोर्टात पाहिजे. आधी पोलिसांचं दोषारोपपत्र आलं, की हा हक्क गेला. रोजनामा (कोर्टातल्या कामाची तारीखवार नोंद) उघडून ही मोजणी करायला कायद्याची पदवी लागत नाही, पण ती करायला कोणाला तरी बसावं लागतं.

दोषारोपपत्र आलं की फिर्याद आणि नंतरचे जबाब शेजारी ठेवून वाचा. फिर्यादीत ‘अंधारात दोन अनोळखी इसम’ आणि आठ दिवसांनी पुरवणी जबाबात थेट नाव, असं दिसलं तर पान क्रमांकासह टिपून ठेवा. उलटतपासणीचे प्रश्न अशा टिपणातूनच निघतात. पंच कुठले, हेही पाहा. तीच दोन नावं तीन पंचनाम्यांत भेटली तर साहेबांना, म्हणजे तुमच्या लोक अभिरक्षकांना, दाखवा.

बाहेर बाकावर आरोपीची आई बसलेली असते. ती तुम्हालाच वकील समजणार. ‘ताई, पोराला कधी सोडतील?’ ‘सुटेल हो मावशी’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. पुढची तारीख मराठीत, ठळक अक्षरात चिठ्ठीवर लिहून द्या. अशिलाने सांगितलेलं मात्र घरच्यांनाही सांगायचं नाही. गोपनीयतेचं बंधन वकिलाच्या कारकुनालाही आहे, तुम्ही त्यातून सुटत नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचं तर नावच काढू नका.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी पोचला, असंही नाही. ऐपतदार जामीनदार मिळत नाही, म्हणून माणसं आतच राहतात. सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय, की महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पण महिना उलटल्याचं कोर्टाच्या नजरेस कोणी तरी आणून द्यावं लागतं. म्हणून जामिनाच्या प्रत्येक आदेशाची तारीख वहीत लिहा, महिना भरला की तुरुंगात चौकशी करा, आणि माणूस आतच असेल तर अर्जाचा मसुदा तयार ठेवा. सही साहेब करतील.