थोडे दिवस थांबा

[दृश्य : मोकळी धावपट्टी, ओळीनं मांडलेले अडथळे]

१९८५. जपानमधलं कोबे शहर. जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा सुरू आहेत. अडथळ्यांची शर्यत धावायला स्पेनहून आलेली मारिया होसे मार्तीनेझ-पातिन्यो एक कागद घरी विसरली आहे. आपण स्त्री असल्याचं प्रमाणपत्र. दोन वर्षांपूर्वी हेलसिंकीत तपासणी होऊन ते तिला मिळालं होतं. कागद नाही, म्हणून गालाच्या आतून पुन्हा पेशी घेतल्या जातात. मग तिला सांगितलं जातं, तू धावायचं नाहीस. पाय दुखावल्याचं सोंग कर. ती प्रेक्षकांत जाऊन बसते.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी]

स्त्रीच्या पेशीत सहसा दोन एक्स गुणसूत्रं असतात. त्यातलं एक आक्रसून जवळजवळ गप्प होतं आणि रंग दिल्यावर केंद्रकाच्या कडेला गडद ठिपक्यासारखं दिसतं. मरे बार यांनी १९४९ साली हा ठिपका दाखवून दिला, म्हणून त्याचं नाव बार बॉडी. मारियाच्या पेशींत तो ठिपका नव्हता. तिची गुणसूत्रं होती ४६, एक्सवाय.

एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा, असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. बहुतेकांच्या बाबतीत ते जुळतंही. पण त्या वाक्यात फक्त निघायचं ठिकाण आणि पोहोचायचं ठिकाण आहे. मधली वाट कुणी सांगत नाही.

ती वाट अशी. पहिले सहा आठवडे गर्भाच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. गर्भाशय घडवू शकणाऱ्या नळ्या आणि शुक्रवाहिनी घडवू शकणाऱ्या नळ्या, दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात तयार असतात. मग वाय गुणसूत्रावरचं एक छोटं जनुक जागं होतं. एसआरवाय. १९९० मध्ये ते शोधलं गेलं. त्याच्या इशाऱ्यानं ग्रंथीचं वृषण होऊ लागतं. वृषण एक संप्रेरक सोडून गर्भाशयाच्या नळ्या विरघळवतं आणि दुसरं, टेस्टोस्टेरॉन, साऱ्या शरीरभर पाठवतं. पण निरोप पाठवून भागत नाही, तो घेणाराही लागतो. पेशींमधला हा निरोप घेणारा ग्राहक ज्या जनुकामुळे तयार होतो, ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाचं शरीर घडायला एक्स इतका लागतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या वाक्यावरच अडकून राहिले होते.

मारियाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन होतं, ग्राहक मात्र काम करत नव्हता. म्हणून तिचं बाह्य शरीर स्त्रीचंच वाढलं. गर्भाशय नव्हतं. आणि ज्या संप्रेरकाचा अवाजवी फायदा तिला मिळतो असा संशय होता, त्याला तिचे स्नायू दादच देत नव्हते.

जानेवारी १९८६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून गुपचूप माघार घे, असं तिला सांगण्यात आलं. ती धावली आणि जिंकली. मग तिचा अहवाल वर्तमानपत्रांत फुटला. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, होणारा नवरा सोडून गेला. १९८८ मध्ये तिला पुन्हा धावायची परवानगी मिळाली. १९९२ च्या ऑलिंपिकची पात्रता तिच्या हातून सेकंदाच्या दहाव्या भागानं निसटली.

[दृश्य : गुणसूत्रांच्या जोड्या मांडलेला पडदा]

काही वेळा फरक गुणसूत्रांच्या संख्येतच असतो. टर्नर सिंड्रोममध्ये एक्स एकच असतो, किंवा दुसरा अपुरा. साधारण दोन ते अडीच हजार मुलींत एक. मुलगी आहे याबद्दल कुणाला शंका नसते. उंची वाढत नाही, पाळी येत नाही, म्हणून मग तपासणी होते. खरी काळजी हृदयाची आणि महाधमनीची असते, ती आयुष्यभर तपासत राहावी लागते. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये पुरुषाला एक एक्स जास्त असतो. हे बरंच आढळतं, पाचशे ते हजार पुरुषांत एक, आणि बहुतेकांना ते कधी कळतही नाही. कळतं ते अनेकदा मूल होत नाही म्हणून दवाखान्यात गेल्यावर.

या साऱ्याची तृतीयपंथी ओळखीशी सर्रास गल्लत होते. इथे विषय शरीराच्या घडणीचा आहे. माणूस स्वतःला कोण मानतो, हा वेगळा प्रश्न.

[दृश्य : नवजात बाळाची टाच, रक्ताचा एक थेंब]

एका ठिकाणी मात्र घाई करावीच लागते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात कॉर्टिसॉल हे जगायला लागणारं संप्रेरक नीट बनत नाही, पुरुषी संप्रेरकं मात्र वाढतात. एक्सएक्स बाळाचे बाह्य अवयव मुलासारखे दिसू शकतात, आत गर्भाशय आणि बीजांडकोश असतात. त्याच्या गंभीर प्रकारात शरीरातलं मीठ वाहून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होतात, बाळ मलूल पडतं आणि उपचार न झाल्यास दगावतं. मुलग्यांत तर बाहेरून खूण दिसत नाही, म्हणून धोका अधिक. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हे पकडता येतं, आणि औषधं आहेत.

बाह्य अवयव मुलासारखे किंवा मुलीसारखे दिसावेत, एवढ्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना अशी घाई नसते. तरी अनेक दशकं त्या तान्ह्या बाळांवर झाल्या आणि मोठेपणीही त्यांना काही सांगितलं गेलं नाही. संवेदना गेली, व्रण राहिले, आणि आपल्या शरीराबद्दल घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आपल्याला नाही, हे पुढे कळलं. मला यातलं शेवटचं सगळ्यात क्रूर वाटतं. माल्टानं २०१५ मध्ये मुलाच्या संमतीवाचून होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या अशा शस्त्रक्रियांना कायद्यानं मनाई केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूनं २०१९ मध्ये, जिवाला धोका असल्याखेरीज, अर्भकांवर आणि मुलांवर त्या करायला बंदी घातली.

[दृश्य : प्रसूतिकक्षाबाहेरचा बाक]

मुलगा की मुलगी, असं आई-बाबा विचारतात. जाणत्या डॉक्टर त्यांना बाळ दाखवतात, काय दिसतंय ते उघड बोलतात आणि म्हणतात, थोडे दिवस थांबा, आपण मिळून पाहू. रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम लगेच तपासायला जातं. सोनोग्राफीत गर्भाशय शोधलं जातं. गुणसूत्रांचा अहवाल यायला काही दिवस जातात. तोवर कागदावर नुसतं ‘बाळ’ लिहिलेलं असतं, आणि ते आईजवळ दूध पीत असतं.