एका पात्राचे दोन क्लास

डंजन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक भूमिका वठवण्याच्या खेळात प्रत्येक पात्राचा एक क्लास, म्हणजे पेशा, असतो आणि अनुभवाने त्याची लेव्हल वाढत जाते. पाचव्या लेव्हलला पोहोचलेला फायटर (योद्धा) आपल्या पाळीला एकाऐवजी दोन वार करू लागतो आणि त्याच लेव्हलचा विझर्ड (जादूगार) फायरबॉलसारखे मंत्र शिकू शकतो. मात्र फायटरच्या चार आणि विझर्डची एक अशा पाच लेव्हल घेतलेल्या पात्राला यांपैकी एकही गोष्ट जमत नाही. दोन क्लास एकत्र करण्याची, म्हणजेच मल्टिक्लासिंगची, खरी किंमत ही आहे: ताकद मिळते, पण उशिरा मिळते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रकाशित झाला. १९७८ च्या नियमपुस्तकात एल्फ, ड्वार्फ अशा मानवेतर पात्रांना एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवता येत. मिळालेला अनुभव त्या क्लासमध्ये समान वाटला जाई. प्रत्येक लेव्हलला हवा तो क्लास निवडण्याची मोकळीक २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दिली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्लासच्या मुख्य गुणांत (ताकद, बुद्धी यांसारख्या) किमान १३ अंक असावे लागतात. प्रोफिशियन्सी बोनस (पात्र ज्यात तरबेज आहे त्या कामांच्या फाशात मिळणारी भर) एकूण लेव्हलवर ठरत असल्यामुळे तो मागे पडत नाही. मंत्रांचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा. क्लेरिकच्या (पुरोहिताच्या) तीन आणि विझर्डच्या तीन लेव्हल असलेल्या पात्राला एकाच क्लासच्या सहा लेव्हल असलेल्या क्लेरिक किंवा विझर्डइतके स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधी) मिळतात, त्यांत मंत्रांच्या तिसऱ्या पातळीचे तीन स्लॉट असतात. परंतु मंत्रांची निवड प्रत्येक क्लासनुसार स्वतंत्रपणे होत असल्याने त्याच्याजवळ तिसऱ्या पातळीचा एकही मंत्र नसतो, आणि ते मोठे स्लॉट खालच्या पातळीचे मंत्र अधिक जोराने टाकण्यासाठीच खर्ची पडतात. नवे खेळाडू नेमके इथेच फसतात.

पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि वॉरलॉक (एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा) यांची जोडी याउलट उत्तम जमते, कारण दोघांचीही जादू करिष्मा या एकाच गुणावर चालते. शिवाय वॉरलॉकचे स्लॉट छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतात आणि ते पॅलाडिनच्या डिव्हाइन स्माइटसाठी (वाराला जोड देणाऱ्या दैवी प्रहारासाठी) वापरता येतात. तरीही पॅलाडिनच्या सहा लेव्हल पूर्ण करूनच वॉरलॉककडे वळणे शहाणपणाचे, कारण जवळच्या सोबत्यांच्या सेव्हिंग थ्रोला (संकटातून बचावासाठी टाकलेल्या फाशाला) बळ देणारे त्याचे वलय सहाव्या लेव्हललाच मिळते, आणि त्याचा लाभ एकट्या खेळाडूला नव्हे तर साऱ्या गटाला होतो.