शिकणाऱ्या हाताचा पगार

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत नवा मुलगा लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, उभा राहिला की पहिले काही महिने तो कारखान्याला कमावून देत नाही, खर्चातच घालतो. मशीनच्या चार जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकात, जॉब (घडवायचा तुकडा) मध्यावर आणायला वस्तादाला पाच मिनिटं पुरतात, तिथं याचा अर्धा तास जातो. डायलचा काटा काही स्थिर होत नाही. टूल घासताना कोन बिघडतो. व्हर्नियरवर, म्हणजे मोजपट्टीवर, माप वाचताना चूक झाली की जॉब भंगारात. शिवाय त्याच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून वस्तादाचं स्वतःचं काम खोळंबतं.

म्हणून मालक म्हणतात, किमान वेतन वाढलं, आता शिकवणं परवडत नाही. ही तक्रार अगदीच पोकळ नाही. अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 साली हेच मांडलं: जे कौशल्य कुठल्याही कारखान्यात चालतं, त्याचा खर्च शेवटी शिकणाराच कमी पगार घेऊन सोसतो. कायद्यानं पगाराची खालची मर्यादा ठरवली की ती वाट बंद होते. पण 1999 साली असेमोग्लू आणि पिश्के या अर्थतज्ज्ञांनी दुसरी बाजू दाखवली. पगार द्यावाच लागणार असेल, तर माणसाला त्या पगाराच्या लायकीचं करून घेण्यात मालकाचाच फायदा असतो. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी राष्ट्रीय किमान वेतन लागू झालं. ज्यांचा पगार त्यामुळे वाढला, त्यांचं प्रशिक्षण घटल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं नाही.

मला खरी खोट दिसते ती वेगळ्याच जागी. गुजरात सरकारनं 2023 मध्ये महापालिका हद्दीसाठी जाहीर केलेले आकडे बघा. अकुशल कामगाराला महिना 11,752 रुपये, कुशल कामगाराला 12,324. फरक 572 रुपयांचा, म्हणजे कामाचे 26 दिवस धरले तर दिवसाला 22 रुपये! ड्रॉइंग वाचायला शिकायचं, हात बसवायचा, चटके खायचे, आणि कायदा त्याची किंमत करतो 22 रुपये. मग हात तयार झालेला मुलगा पगार वाढवून घ्यायला दुसरा कारखाना गाठतो आणि पहिला मालक म्हणतो, शिकवून काय उपयोग? खालचा दर गोठवून हे सुटणार नाही. कुशल आणि अकुशल यांतली पायरी उंच करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आणि शिकण्याच्या काळात कमी पैसे देण्याची सोय कायद्यात आहेच की! 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नव्हे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायलाच हवेत. 2019 च्या नियमांनी विद्यावेतन 5,000 ते 9,000 रुपयांच्या दरम्यान ठरवलं, आणि शिकाऊ उमेदवारांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत त्यातला पाव हिस्सा, 1,500 रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. तेव्हा परवडत नाही हे कारण मोठ्या कारखान्यांच्या तोंडी शोभत नाही. संताप येतो तो कागदावर टर्नरचा, म्हणजे लेथ कारागिराचा, उमेदवार आणि प्रत्यक्षात वर्षभर पॅकिंग नि माल उचलणं, हे बघून. तिथे शिक्षणही नाही आणि पगारही नाही.

शिकवण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न आपल्या बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, तेव्हा तो राज्यानं उचलला होता. त्याच कलाभवनातून पुढे आजच्या विद्यापीठाची तंत्रशाखा उभी राहिली.

दांडिया बाजार असो की नवापुरा, तुमच्या घरातलं कोणी उमेदवारीला लागणार असेल, तर सही करण्याआधी करारपत्र हातात घ्या. कराराची नोंदणी होणार आहे का, त्यात कुठला ट्रेड, म्हणजे कुठलं काम, लिहिलाय, विद्यावेतन किती, आणि मशीनवर उभं राहून शिकवणारा माणूस कोण, हे विचारा. या शेवटच्या प्रश्नाला नाव सांगता आलं नाही, तर दुसरा कारखाना बघा.

नमस्कार.