एरर मुद्दाम द्यायची: नेटवर्क डिस्कच्या क्लायंटची खरी परीक्षा

(पडद्यावर टर्मिनल. एक मोठी फाइल कॉपी होतेय, टक्के वाढतायत.)

ही कॉपी जिच्यावर चाललीय ना ती डिस्क या मशीनमध्ये नाहीच, ती दुसऱ्या मशीनवर आहे, मधे नेटवर्क आहे, पण इथल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ती साधी डिस्कच वाटते. वाचायला मागितलं की डेटा येतो, लिहायला पाठवलं की "झालं" म्हणून उत्तर येतं. आता समजा याच क्षणी समोरच्या सर्व्हरने डेटाऐवजी एरर पाठवली. ती डिस्क इथून वापरणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, काय करेल? थांबेल, परत ट्राय करेल, का गपचूप पुढे जाईल आणि शेवटी शंभर टक्के झालं म्हणून सांगेल?

बऱ्याचदा हे कुणी करूनच बघितलेलं नसतं. डिस्क चांगली आणि नेटवर्क चांगलं असेल तर एरर महिनोन्‌महिने येत नाही, त्यामुळे एरर आली तर काय करायचं तो कोडचा तुकडा लिहिला जातो, रिव्ह्यू होतो, रिलीजही होतो आणि चालत मात्र एकदाही नाही, तो पहिल्यांदा चालतो तो थेट प्रॉडक्शनवर, लोकांच्या खऱ्या डेटावर.

याचं मोजमाप झालेलं आहे. २०१४ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या डेटा साठवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या पाच सिस्टिममधले १९८ बिघाड बारकाईने तपासले. त्यातले जे सगळ्यात मोठे बिघाड होते, म्हणजे बहुतेक सगळ्या युजर्सना फटका बसेल असे, त्यातल्या ९२ टक्क्यांमागे कारण एकच निघालं, एरर आली होती, सॉफ्टवेअरला रीतसर कळवली गेली होती, ती काही सिस्टिम बंदच पाडेल अशी पण नव्हती, फक्त ती हाताळणारं कोड चुकलेलं होतं.

मग वाट कशाला बघायची? एरर आपणच द्यायची, आपल्याला हवी तेव्हा आणि हवी तीच.

(पडद्यावर दोन चौकोन: क्लायंट आणि सर्व्हर. मधे बाण.)

यासाठी एनबीडी, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, हा प्रोटोकॉल मला सगळ्यात सोयीचा वाटतो. १९९७ मध्ये पावेल माखेक यांनी तो लिनक्ससाठी लिहिला, पोर्ट १०८०९, आणि कमांड मोजक्याच: वाच, लिही, फ्लश कर (साठलेलं डिस्कवर लिहून टाक), ट्रिम कर (नको असलेली जागा सोडून दे), शून्यं भर, असं. एनबीडीकिट नावाचा एक ओपन सोर्स सर्व्हर आहे, त्यात डेटा कुठून आणायचा ते प्लगइन ठरवतं आणि प्लगइनच्या वर आपण फिल्टर चढवू शकतो. त्यातलाच एक एरर फिल्टर. त्याला सांगायचं की अमुक एरर दे, इतक्या टक्के रिक्वेस्टना दे, फक्त रीडला दे किंवा फक्त राइटला दे. खरी डिस्क पण लागत नाही, मेमरी प्लगइन घेतलं की रॅममध्येच डिस्क तयार. आणि यातली मोठी गोष्ट ही की क्लायंटच्या कोडला हात लावावा लागत नाही, जो क्लायंट उद्या लोकांकडे जाणार आहे त्याच्यावरच टेस्ट होते, त्याची वेगळी टेस्टवाली कॉपी करावी लागत नाही.

या फिल्टरमधली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे ट्रिगर फाइल. सर्व्हर सुरू करताना एका फाइलचं नाव देऊन ठेवायचं. ती फाइल नसेल तोवर सगळं सुरळीत, बनवली की एरर सुरू, उडवली की एरर बंद. ही सोय साधी वाटते पण नसेल तर टेस्टच वाया जाते, कारण पहिल्या रिक्वेस्टपासूनच शंभर टक्के एरर दिल्या तर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पार्टिशन टेबलच (डिस्कच्या भागांची यादी) वाचता येणार नाही, माउंट, म्हणजे डिस्क वापरायला जोडणं, फेल होईल, आणि डिस्क उघडत नाही एवढंच कळेल. आपल्याला बघायचं असतं ते मधलं, की माउंट झालंय, फाइल उघडलीय, अर्धं लिहून झालंय, आणि आता एरर आली.

टक्केवारीचं पण नीट बघा. दर रिक्वेस्टला १० टक्के एरर ठेवली आणि क्लायंट एकूण पाच वेळा प्रयत्न करत असेल, तर पाचही वेळा फेल व्हायची शक्यता लाखात एक. टेस्ट हिरवी दिसणार आणि ते खरंही आहे, रीट्राय काम करतंय. पण सर्व्हरची डिस्क मेलीच आहे आणि प्रत्येक प्रयत्नाला एररच येतेय तेव्हा हा क्लायंट हार मानतो का, आणि मानली तर वरच्या प्रोग्रामला सांगतो का, ते यातून कळतच नाही. त्यामुळे दोन्ही टेस्ट हव्यातच, अधूनमधून येणारी एरर आणि न संपणारी एरर.

एरर कोणती हेही महत्त्वाचं आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईमूचं उदाहरण घ्या. डिफॉल्ट सेटिंगमध्ये लिहिताना जागा संपल्याची एरर आली की क्यूईमू व्हर्च्युअल मशीनच थांबवून ठेवतो, म्हणजे जागा करून द्या आणि मग पुढे चालू करा. साधी आयओ एरर, म्हणजे वाचणं-लिहिणं जमलं नाही एवढंच सांगणारी, आली तर मात्र ती आतल्या गेस्टला, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टिमला, कळवतो. एकाच प्रोग्रामचे हे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत, आणि टेस्टमध्ये फक्त आयओ एररच देत राहिलात तर पहिला रस्ता कधी तपासलाच जात नाही.

(पडद्यावर: राइट, मग थोडा वेळ काहीच नाही, मग एफसिंक.)

आता खरा अवघड भाग. प्रोग्राम फाइलमध्ये लिहितो तेव्हा ते बहुतेक वेळा कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या जागेत, जातं आणि लगेच "झालं" असं उत्तर मिळतं. डिस्ककडे ते नंतर जातं, सावकाश. तिथे एरर आली तर ती कुणाला सांगायची? लिहिणारा तर कधीच पुढे गेलाय. ती एरर पुढच्या एफसिंकला मिळते (एफसिंक म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर पोहोचव असं कर्नलला सांगणं), आणि प्रोग्रामने एफसिंक केलंच नाही तर त्याला बहुधा कळतच नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या लोकांना यातलीच एक भयंकर गोष्ट लक्षात आली. एफसिंक फेल झालं तर पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक करायचा, आणि लिनक्सने मधल्या काळात ती न लिहिलेली पेजेस स्वच्छ म्हणून मार्क केलेली असायची, त्यामुळे दुसरं एफसिंक यशस्वी व्हायचं आणि डेटा गेलेला असायचा. २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने वागणंच बदललं, एफसिंक फेल झालं की सर्व्हर पॅनिक करून थांबतो आणि लॉगमधून, म्हणजे बदलांच्या नोंदींतून, रिकव्हर होतो. इतका जुना, इतका वापरलेला डेटाबेस, तरी हा रस्ता इतकी वर्षं कुणी नीट चालून बघितला नव्हता.

म्हणून टेस्टमध्ये क्लायंटने एरर दाखवली का एवढं बघून थांबू नका. क्लायंट कशाकशाला "झालं" म्हणाला त्याची नोंद ठेवा आणि नंतर सर्व्हरच्या बाजूने डिस्कची इमेज उघडून ते ते ब्लॉक (डेटाचे तुकडे) खरंच आहेत का ते ताडून बघा. "झालं" म्हटलंय आणि डेटा नाही, असा एक ब्लॉक जरी सापडला तरी माझ्या मते रिलीज थांबवायला तेवढं कारण पुरेसं आहे.

उशीर हा वेगळाच विषय आहे. नेटवर्कवर पॅकेट हरवायला लावलं, लिनक्सच्या नेटेम या टूलने ते सहज होतं, तरी नेटवर्कवर डेटा पोहोचवणारा टीसीपी प्रोटोकॉल ते परत पाठवतो, त्यामुळे क्लायंटला एरर दिसत नाही, नुसता उशीर दिसतो. उशीर किती सहन करायचा हे प्रत्येकाचं वेगळं, लिनक्समध्ये स्कझी डिस्कचा टाइमआउट साधारणपणे ३० सेकंद असतो, एनएफएस (नेटवर्कवरून फाइल्स वापरायची पद्धत) मधलं हार्ड माउंट सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघत राहतं, सॉफ्ट माउंट ठराविक प्रयत्नांनंतर एरर देतं आणि त्यात डेटा खराब होऊ शकतो असा इशारा त्याच्या मॅन पेजमध्येच आहे. एनबीडीकिटमध्ये डिले फिल्टर आहे, तो एरर फिल्टरच्या जोडीने लावा, उशिरा आलेली एरर हा प्रकार फार जण विसरतात.

आणि कनेक्शन तुटणं. एनबीडीच्या साध्या उत्तरात एरर आहे की नाही ते आधी जातं आणि डेटा मागून, त्यामुळे डेटा पाठवताना मधेच डिस्क फेल झाली तर सर्व्हरला एरर सांगायला जागाच उरत नाही, कनेक्शन तोडणं एवढंच हातात असतं. स्ट्रक्चर्ड उत्तरं नंतर आली ती याच्यासाठीही, त्यात कुठल्या ऑफसेटला, म्हणजे डिस्कवरच्या कुठल्या जागी, एरर आली ते सांगता येतं. तुमचा क्लायंट दोन्ही प्रकार बोलत असेल तर दोन्ही तपासा, आणि अर्धवट आलेला डेटा तो वर देत नाही ना तेही.

(पडद्यावर: ट्रिगर फाइल उडवली जाते.)

एरर बंद केल्यावर टेस्ट लगेच संपवू नका. सर्व्हर आता ठणठणीत आहे, क्लायंट सावरतो का ते बघायचंय. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम तशा सेटिंगने माउंट केली असेल तर एररनंतर ती रीड ओन्ली होते आणि सर्व्हर बरा झाला तरी आपोआप परत लिहू देत नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला स्वतःचा लॉग लिहिता आला नाही तर ती शटडाउन होते आणि अनमाउंट करून परत माउंट करावी लागते. म्हणजे टेस्ट स्क्रिप्टमध्ये शेवटी अनमाउंट, परत माउंट, आणि मग सगळा डेटा पुन्हा वाचून ताडणं, एवढं हवंच.