पाव किलोचा गारवा

[खडकवासला. डिसेंबरची पहाट. पाण्यावरून उठणारी वाफ.]

डिसेंबरात पहाटे खडकवासल्याच्या चौपाटीवर येऊन बघा. भाजलेल्या कणसांच्या गाड्या अजून लागलेल्या नसतात. पाणी अगदी निवांत दिसतं, पण ते निवांत नसतं. रात्रभर वरचा थर गार होतो, जड होतो आणि खाली बसतो. त्याच्या जागी खालचं कोमट पाणी वर येतं. यालाच अभिसरण म्हणतात.

जड म्हणजे किती? आपल्या गच्चीवरची १००० लिटरची टाकी घ्या. पाणी २५ अंशांवरून २४ वर आणा आणि टाकी काठोकाठ तेवढीच भरा. वजन वाढेल जेमतेम २५० ग्रॅम. त्या पाव किलोवर धरणाचा वरचा थर रात्रभर ढवळत राहतो. तेवढंच वजन मिठानंही वाढवता येतं. त्याच टाकीत साधारण ३०० ते ३५० ग्रॅम मीठ विरघळवलं की झालं.

धरणाच्या गोड्या पाण्यात हा खेळ एकट्या उष्णतेचा. समुद्रात मीठही उतरतं, आणि मग गंमत सुरू होते.

[स्वयंपाकघराचा ओटा. काचेचा उंच ग्लास.]

ग्लासात फ्रिजमधलं गार पाणी घ्या. वाटीभर गरम पाण्यात चिमूटभर मीठ आणि निळ्या शाईचे दोन थेंब टाका. हे पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू ग्लासात सोडा. खारट असलं तरी गरम आहे, म्हणून ते तरंगतं. आता ग्लासाला हात लावू नका.

थोड्या वेळानं निळ्या थराच्या तळाला बारीक बारीक बोटं फुटतात आणि खाली उतरू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना खरंच ‘मिठाची बोटं’ म्हणतात.

वरचं पाणी हलकं होतं, मग ते खाली का निघालं? कारण पाण्यात उष्णता मिठापेक्षा सुमारे शंभरपट वेगानं पसरते. खाली झुकलेलं निळं बोट शेजारच्या गार पाण्याला आपली ऊब लगेच देऊन टाकतं. मीठ मात्र त्याच्यापाशीच राहतं. ऊब गेली, मीठ उरलं, बोट जड झालं आणि आणखी खाली गेलं. शेजारच्या पाण्याला फुकटची ऊब मिळाली, ते वर निघालं. १९६० साली मेल्विन स्टर्न यांनी या बोटांचं गणित मांडलं. समुद्रात ती काही सेंटिमीटर जाडीची असतात.

[नकाशा. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर.]

आपल्या दोन्ही बाजूंचे समुद्र हे गणित वेगवेगळं सोडवतात. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे वारे येतात. पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. वरचा थर एकाच वेळी गार आणि खारट होतो आणि खाली बसतो. ही घुसळण १०० मीटरपर्यंतही पोचते. खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि ऐन थंडीत समुद्र सूक्ष्म वनस्पतींनी हिरवा होतो. त्यांच्यावर पुढे मासे जगतात.

बंगालच्या उपसागरात उलट. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि पाऊस मिळून वर गोड्या पाण्याचं झाकण घालतात. उत्तर भागात हिवाळ्यात वरचं पाणी खालच्यापेक्षा गार होतं, तरीसुद्धा वरच राहतं! मीठ कमी म्हणून ते हलकं. गारव्यानं वाढलेलं वजन मिठाच्या तुटीपुढे कमी पडतं. खालची पोषकद्रव्यं खालीच अडकतात. ‘समुद्र म्हणजे समुद्रच’ असं आपण सहज म्हणतो, पण हे दोन शेजारी स्वभावानं अगदी वेगळे आहेत.

[संगम पूल. मुळा आणि मुठा.]

आणि या दोघांच्या मधे पुणे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून ढग येतात आणि सह्याद्रीवर रिकामे होतात. त्यांनी आणलेल्या वाफेतली काही त्याच समुद्राची, मीठ तिथेच ठेवून निघालेली. ते पाणी मुठेत येतं. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ, पण मुठा तिकडे वळत नाही. संगमावर मुळेला मिळते, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला. वाटेत उजनी आहे, शेती आहे, धरणांमागून धरणं आहेत. त्यातून जे उरतं ते पूर्वेला पोचतं आणि बंगालच्या उपसागरावरच्या त्या गोड्या झाकणात मिसळतं.

[पुलाखालून वाहणारं पाणी. पूर्वेकडे.]