पायलट चढण्याआधी

(दृश्य : पहाटेचा अंधार. मुंबई बंदराबाहेर सावकाश चाललेलं कंटेनर जहाज.)

पहाटेचे चार. मुंबई अजून दिसत नाही, दिसतो तो आभाळावर पडलेला तिचा उजेड. जहाज नैऋत्येकडून आत येतंय. डाव्या हाताला प्राँग्जचा दीपस्तंभ, 1875 पासून कुलाब्याच्या टोकाशी खडकावर उभा. उजवीकडे शिवरायांच्या खांदेरी किल्ल्यावरचा दिवा, 1867 चा. दोन्ही बाजूंना खडक आणि उथळ पाणी. मोठ्या जहाजाला चालतो तो फक्त मधला, गाळ उपसून खोल केलेला पट्टा.

हा पट्टा पायलटला, म्हणजे जहाजावर चढून वाट दाखवणाऱ्या बंदराच्या वाटाड्याला, पाठ असतो. पण जहाजाच्या मार्गाचा आराखडा त्याची वाट पाहत थांबत नाही. तो आधीच्या बंदरातच तयार झालेला असतो, आणि धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1999 मध्ये तसं सांगूनच ठेवलंय. पायलट चढतो तिथे चार्टवरची, म्हणजे सागरी नकाशावरची, रेघ संपवायची नाही.

(दृश्य : चार्ट, पेन्सिल, भरतीचं कोष्टक.)

उथळ जागा आधी तिरक्या रेघांनी भरून टाकायच्या : इथे जायचंच नाही. मग वळणं, म्हणजे सुकाणू नेमकं कुठे फिरवायचं ते. आणि एक खूण, माझ्या मते सगळ्यांत मोलाची : इथवरच मागे फिरता येईल. त्यापुढे तीनशे मीटरचं जहाज वळवायला जागाच उरत नाही. इंजिनाने दगा दिला, टग (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी) आले नाहीत, तर काय करायचं याचा निर्णय ही खूण ओलांडण्याआधीच व्हायला हवा.

मग पाण्याचा हिशेब. कोळ्यांच्या बोलण्यातलं उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) इथे आकड्यांत उतरतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. समजा, चार्टवर खोली 14 मीटर, वर भरतीचं पाणी 3. झाले 17. जहाज पाण्यात 15 मीटर बुडालेलं. तळाखाली उरले 2. पण उथळ पाण्यात चालतं जहाज खाली बसतं. दहा नॉटला, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरला, ते मीटरभरही बसू शकतं. उरला एक मीटर, त्यातून लाटांचं हेलकावणं अजून वजा व्हायचंय. वेग निम्मा केला, तर हे बसणं जवळपास चौथाईवर येतं. म्हणून आराखड्यात रस्त्याइतकाच वेगही लिहायचा. आणि वेळही, कारण भरती कुणासाठी थांबत नाही.

(दृश्य : पायलट बोट. वर पांढरा, खाली लाल दिवा.)

जहाज थोडं वळून बोटीला वाऱ्याची आड देतं. बाजूला दोरांची, लाकडी पायऱ्यांची शिडी सोडलेली. आता पायलटकडे नीट पाहा. तो थांबलाय. लाट बोटीला उचलते, बोट अगदी वर येते, आणि त्या क्षणी तो शिडी धरून वर सरकतो. बोट खाली असताना शिडी धरली असती, तर पुढच्या लाटेबरोबर ती वर आली असती आणि त्याचे पाय बोट आणि जहाजाच्या मधे चेंगरले असते. पावसाळ्यातही हे असंच करायचं असतं.

(दृश्य : ब्रिज, म्हणजे जहाज चालवण्याची वरची खोली. पायलट आणि कॅप्टन चार्टपाशी.)

आता मोजकी मिनिटं मिळतात. कॅप्टन सांगतो : ड्राफ्ट किती, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय, इंजिन कसं, जहाज कुठल्या बाजूला ओढतं. पायलट सांगतो : प्रवाह कुठून, टग किती, समोरून कोण येतंय, जाळी कुठे पसरलीत.

ही मिनिटं वाया गेली की काय होतं? 7 नोव्हेंबर 2007. सॅन फ्रान्सिस्को, दाट धुकं. 'कॉस्को बुसान' बंदराबाहेर निघालं होतं. पायलटने पडद्यावरच्या लाल त्रिकोणांचा अर्थ कॅप्टनला विचारला. पुलाचा मध्य, असं पायलटला वाटलं. त्या खुणा होत्या खांबाजवळच्या बोयांच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या मार्गखुणांच्या. जहाज बे ब्रिजच्या खांबाला घासलं आणि दोन लाख लिटरच्या आसपास तेल खाडीत गेलं. निघण्यापूर्वी दोघांत मार्गाचं नीट बोलणं झालं नव्हतं, हे चौकशीत पुढे आलं.

पायलट हुकूम देतो, सुकाण्या तो मोठ्याने परत म्हणतो. पण जहाज कॅप्टनचंच राहतं. म्हणून सेकंड ऑफिसर प्रत्येक बोया चार्टशी पडताळतोय.

प्राँग्ज मागे पडलं. कॅप्टन विचारतो, "पुढच्या वळणाला वेग किती, पायलटसाहेब?"

"आठ."

आराखड्यातही आठच लिहिलंय. सेकंड ऑफिसर त्यापुढे बरोबरची खूण करतो आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावतो.